परदेशात मराठवाड्याची पुस्तकं: काय वाचावं, कशी मिळवावीत

अमेरिकेत राहून मराठवाड्याचं काय वाचावं, असं विचारणाऱ्याला आम्ही आधी एक जोडी सुचवतो: रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आणि देवीदास सौदागर यांची 'उसवण', जिला २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. दोन्हींत गावातला शिंपी आहे. 'पाचोळा'त त्याच्या घराची वाताहत त्याची बायको स्वतःच्या बोलीत सांगते. 'उसवण'मध्ये रेडिमेड कपडे गावात येतात आणि शिलाई मशीन थंडावतं. सौदागर तुळजापूरचे, शिलाईकाम स्वतः केलेले, त्यामुळे कातर आणि टेप हातात धरलेल्या माणसाचं लिखाण आहे ते. एक संपली की लगेच दुसरी घ्यावी, मधे तिसरं पुस्तक नको. गाव कसं बदललं ते अशी जोडी वाचूनच नीट कळतं.

पुण्या-मुंबईकडचा जोडीदार असेल तर 'पाचोळा' सुरुवातीला अडते. वीसेक पानं मोठ्यानं वाचा. डोळ्याला अवघड वाटणारी बोली कानाला लवकर सरावते. मनातल्या मनात वाचणारे बहुतेक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटवतात.

मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' घ्या. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मकथन इंग्रजीत 'द ब्रँडेड' नावानं आलं आहे. त्याआधी मुलांना काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल दोन वाक्यं सांगा, नाहीतर पोलीस लेखकाच्या वस्तीच्या मागे का लागतात ते त्यांना उमगत नाही. मराठी समजतं पण वाचवत नाही, अशांना भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा वाचून दाखवा. भाव पडलेल्या टोमॅटोंची ती कथा एका बैठकीत होते. लांब दमाची कथा आवडत असेल तर आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह. आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८लाच का मुक्त झाला, हे मुलं विचारतात तेव्हा अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' जवळ हवं. ते सलग वाचायचा हट्ट नको. अनुक्रमणिकेत आपल्याला हवं ते प्रकरण शोधून तिथून शिरा.

आता मिळवायचं कसं? विकत घेण्याआधी ग्रंथालय बघा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं दिल्लीत १९६२पासून कार्यालय आहे. तिथून मराठी पुस्तकं खरेदी होऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जातात. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात 'इंटरलायब्ररी लोन'चा अर्ज भरला की दूरच्या विद्यापीठातली प्रत मागवून देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते.

बरेच जण अडतात ते ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत शोधताना. 'पाचोळा' टाइप करताना आपण सवयीनं 'च'साठी सीएच लिहितो आणि काहीच सापडत नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या रोमन पद्धतीत 'च' म्हणजे नुसता सी, सीएच म्हणजे 'छ'. म्हणून पी-ए-सी-ओ-एल-ए असं शोधा. 'उचल्या'साठी यू-सी-ए-एल-वाय-ए. अक्षरांखालचे-वरचे टिंब-रेघा बहुधा गाळल्या तरी चालतात. नावानं नाही लागलं तर लेखकाच्या आडनावानं बघा.

इथे भारतातल्या घरच्यांची मदत लागते. त्यांना सांगणं एवढंच: पुस्तक सुचवताना नुसतं मुखपृष्ठाचं छायाचित्र पाठवू नका. आतलं प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष छापलेलं पान पाठवा. जुन्या पुस्तकांवर बऱ्याचदा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतो, तेव्हा अर्ज त्या पानावरच चालतो. सोबत एक ओळ लिहा: कुणासाठी आहे आणि कुठून सुरू करावं. 'छान आहे, वाचा' एवढ्यावर पुस्तक मागवलं जात नाही. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ कृपा करून धाडू नका. तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्या लेखकाच्या थोड्याशा प्रती निघतात. त्यातली एक विकत घेतली तरी त्याला फरक पडतो.

येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पुस्तकं द्यायची तर तीनशे पानी कागदी बांधणीचं पुस्तक साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतं, म्हणजे आठ पुस्तकांना तीन किलो धरा. आडवी, बॅगेच्या तळाशी, चाकांच्या बाजूला ठेवा. उभी ठेवली की पुठ्ठ्याचे कोपरे चेपतात. लोणच्याची बरणी त्याच बॅगेत अजिबात नको; कितीही गुंडाळली तरी तेल झिरपतं आणि कागदावरून ते निघत नाही.

दोन्हीकडच्यांनी मिळून ऑनलाइन वाचायचं तर रविवारी न्यूयॉर्कची सकाळी आठची वेळ बरी पडते. तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं बदलतात, त्या दोन रविवारी हमखास निम्मी मंडळी तासभर चुकतात. निरोपात भारताची वेळ वेगळी लिहून आदल्या दिवशी पाठवा.