आधी कागद, मग किक: माझी 1986 ची बुलेट विकताना

डॉक्टरांनी किक मारायला साफ मनाई केली आणि 1986 च्या कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी इंजिनाच्या) बुलेटला सेल्फ नसतो. घरात दुसरं कुणी चालवणारं नाही. अशी गाडी नुसती उभी राहिली की टाकी आतून गंजते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, तुंबतात. मनाली-लेह केलेली, कन्याकुमारीला जाऊन आलेली गाडी मला सडवायची नव्हती. विकायची ठरवली.

जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगेन: जाहिरात नंतर, आधी कागद. माझ्या गाडीचा नंबर जुना, तीन अक्षरी. मूळ आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं पुस्तक. दर पाच वर्षांचं रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) वेळेवर केलेलं, पर्यावरण कर भरलेला, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू. तरी 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तपासलं तर चेसिस नंबरातलं एक अक्षर गळालेलं निघालं. पुस्तकात एक आणि संगणकात दुसरं असेल तर ट्रान्सफर अडकतं, म्हणून दुरुस्तीचा अर्ज केला. त्यासाठी चेसिसचा ठसा लागला. फ्रेमच्या मानेवरचं वर्षानुवर्षांचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं, वर पातळ कागद घट्ट धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. ठोकलेला नंबर पांढरा पांढरा उमटत गेला, गळालेल्या अक्षरासकट. हे काम पुरं व्हायला बराच काळ गेला, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना ते निघालं असतं तर सौदाच मोडला असता. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही त्याच सुमारास बसवून घेतली.

जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहा, भाव येईल, असं खूप जणांनी सुचवलं. मी लिहिलं नाही. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटल्याशिवाय गाडी व्हिंटेज ठरत नाही. शिवाय तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच काढायची. माझी गाडी तर फिरण्यासाठीच घडवलेली, लांबच्या प्रवासाचं लोखंडी कॅरिअर अजून अंगावर. 'ओरिजिनल, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या' एवढं लिहिलं. जाणकाराला तेवढं पुरतं.

फोन मात्र सगळ्या तऱ्हेचे आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न, "लास्ट किती होतील?" एकाने लष्करात असल्याचं सांगितलं, गाडी न बघताच घेतो म्हणाला आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडला. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. मी फोन ठेवला. एकजण चांगला भाव देत होता, पण मडगार्ड कापून तिची बॉबर, म्हणजे छाटून आखूड केलेली गाडी, करणार होता. त्याला नाही म्हटलं, आणि त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. बेळगावचे एक गृहस्थ खरे दर्दी होते. इथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत), मग कर्नाटकात नव्याने नोंदणी आणि तिकडचा कर, हा हिशेब त्यांना जमेना.

शेवटी ज्यांनी घेतली ते आमच्याच जिल्ह्यातले, चाळिशीचे. आल्या आल्या त्यांनी सिलिंडरच्या पात्यांवर तळहात ठेवला.

"काका, सकाळपासून चालू केली नाहीत ना?"

"नाही. तुम्हीच मारा किक."

मला हा प्रश्न फार आवडला. इंजिन आधीच तापवून ठेवलं की जुनी बुलेट कशीही सुरू होते. थंड असताना तिचं खरं काय ते कळतं. त्यांनी कॉक उघडला, चोक दिला, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक अगदी हळू खाली नेली. अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा मधोमध आल्यावर डिकॉम्प्रेसर सोडला आणि पूर्ण वजनाने किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली. मग काही न बोलता कान देऊन इंजिनातल्या टॅपेटचा आवाज ऐकत राहिले.

दोष मी आपणहून दाखवले: गिअरबॉक्समधून तेल पाझरतं, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कधीकधी खोटा न्यूट्रल लागतो, म्हणजे गिअर पडतच नाही. ट्रायलला मी मागे बसलो. परत आल्यावर सर्व्हिसची वही पुढे ठेवली. प्रत्येक ऑइल, प्रत्येक क्लच प्लेट तारखेनिशी. वही चाळल्यावर घासाघीस फारशी झालीच नाही. 1,60,000 सांगितले होते, 1,45,000 ला तुटलं. विसार घेतला, पावती दिली.

पुढची गोष्ट जुनी गाडी विकणारे अनेकजण टाळतात. सह्या करून मालकी बदलाचे टीओ फॉर्म गिऱ्हाइकाच्या हाती देतात आणि मोकळे होतात. नोंदीत नाव तुमचं असेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे. आम्ही तेच फॉर्म, 29 आणि 30, बरोबर बसून भरले आणि अर्ज लगेच केला. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं. ताबा दिला त्या दिवसाची डिलिव्हरी नोट तारीख-वेळ घालून, दोघांच्या सह्यांनी केली. इन्शुरन्स नावावर करून घ्यायचीही मी त्यांना आठवण दिली.

ठरलेल्या रकमेतले पाच हजार नाव बदलेपर्यंत त्यांच्याकडेच ठेवायचे ठरले होते. आरसीवर त्यांचं नाव लागलं, त्याच संध्याकाळी ते खात्यात जमा झाले.