आमची वाटचाल : तांबटाची हातोडी आणि ताजमधलं जॅझ

आमचा मूळ धंदा तांबटकामाचा. आजोबा मुंबईत तांबा काट्याच्या बाजारात हंडे-घंगाळी घडवायचे. ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या दुरुस्तीकडे ते वळले, त्याला कारण ताजमहाल हॉटेलचं बॉलरूम.

१९३५ साली लिऑन ॲबी हे अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आले. मागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवर टेडी वेदरफर्ड. मायदेशी वर्णभेद सोसणारे हे कलावंत मुंबईच्या सगळ्यात मानाच्या हॉटेलात वाजवत होते. समोर नाचायला साहेबलोक आणि संस्थानिक. या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून त्यांचं जॅझ संगीत आत्मसात केलं ते गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळेत नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, पक्कं झालेली ही माणसं. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड त्यांतलेच. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ तर चिक चॉकलेट या नावाने, थोर अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून, मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशकं ताजमध्ये होता. माझ्या मते मुंबईच्या संगीताचा इतिहास या मंडळींशिवाय लिहिताच येणार नाही, आणि त्यांची नावं आज फार थोड्यांना ठाऊक आहेत.

यांतले कितीतरी वादक धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहायचे. ट्रम्पेट पडला, पोचा आला की रोजी बुडायची. अशी वाद्यं आजोबांकडे येऊ लागली. पितळ तेच, पण पत्रा कितीतरी पातळ. हंड्याला चालतो तो ठोका इथे चालत नाही. पोचा आतून गोळा फिरवत हलक्या हाताने उचलावा लागतो, नाहीतर पत्रा ताणला जातो आणि सूर बदलतो. सांधा उकलला तर डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून तो जोडायचा, तोही असा की नळीच्या आत कण राहता कामा नये. सॅक्सोफोनची भोकं झाकणारी पॅड चामड्याची, लाखेने चिकटवलेली. पावसाळ्यात ती फुगतात आणि हवा निसटते. अंधारात नळीत बारीक दिवा सोडून फट शोधायची रीत आम्ही आजही पाळतो.

१९५० मध्ये मुंबईत दारूबंदी कडक झाली आणि हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या. वादक सिनेमाकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं. १९५१ च्या ‘अलबेला’त ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. नोटेशन वाचणारा वादक म्हणजे गोवेकर, असं समीकरणच झालं. बाबांनी दुकान सांभाळलं ते याच काळात. हत्यारांची पिशवी घेऊन ते ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत जायचे, कारण एक पॅड सुटलं तरी अख्खा वाद्यवृंद खोळंबायचा.

पुढे एकट्यानेच अनेक वाद्यांचे आवाज काढणारा सिंथेसायझर आला आणि स्टुडिओचं काम आटलं. तेव्हा आम्हाला तारलं लग्नाच्या बँडवाल्यांनी. लग्नसराईआधी युफोनियम, ट्रम्पेटचा ढीग लागतो. वरातीतलं वाद्य म्हणून आम्ही हात कधी आखडला नाही. ज्या काळजीने आजोबा बॉलरूममधला ट्रम्पेट हाताळायचे, तीच काळजी बँडवाल्याच्या वाद्याला मिळते.

आता सॅक्सोफोन शिकणारी मुलं-मुली येतात. दुकानात दोन तरुण कारागीर तयार होत आहेत. तुमच्या घरी माळ्यावर आजोबा-पणजोबांचं वाद्य पडून असेल तर भंगारात घालू नका. ब्रासो लावून घासूही नका, जुनं लॅकर, म्हणजे पितळेवरचा संरक्षक लेप, निघून जातं. आहे तसंच घेऊन या. वाजतं करता येईल का, हे आम्ही बघून सांगू.