तुम्ही विचारलंत म्हणून: बारा मैलांच्या पलीकडचं आकाश

“परक्यांची लष्करी विमानं, जहाजं खुशाल आपल्या समुद्रात फिरतात, आणि तुम्ही कायदेवाले गप्प कसे?” आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते म्हटलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे येतंच.

गप्प नसते हो. आधी अंतर विचारते. आपली हद्द १२ सागरी मैलांची, साधारण २२ किलोमीटर. तिथून परकं जहाज मुकाट, कुरापत न काढता जाऊ शकतं. विमानाला तीही मुभा नाही. त्यापुढे २०० मैलांपर्यंत मासळी आपली, तेल आपलं. आकाश मात्र सगळ्यांना खुलं.

हे मी काकांनाही सांगितलं होतं. एप्रिल २०२१. अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवरून आपल्याला न विचारता गेली, आणि वर तसं जाहीर केलं ते सातव्या आरमाराने! १९७१ ला बंगालच्या उपसागरात धाडलं होतं, तेच. काका त्या युद्धात लढलेले. फोनवर आवाज चढलेला.

“घरात घुसलेत ना गं ते?”

“काका, हद्दीच्या दहापट लांब आहेत. विमान असतं तरी मी हेच म्हटलं असतं.”

“मग संमती लागते म्हणणारं आपलं परराष्ट्र खातं खोटं बोलतंय?”

माझी बोलती बंद. खातं खोटं बोलत नव्हतं. १९९५ मध्ये सागरी कायद्याचा करार स्वीकारतानाच भारताने बजावलं होतं, की या २०० मैलांत संमतीशिवाय परक्यांच्या लष्करी कवायती चालणार नाहीत. अमेरिका म्हणते, करारात तसं लिहिलेलं नाही. स्वतः मात्र त्या करारात नाही! मी हे मांडायला लागले, तर काका म्हणाले, “तुझा पगार कुठून येतो ते बघ एकदा,” आणि फोन ठेवला. लागलं ते. अजून लागतं.

बरं, २००१ मध्ये हैनान बेटापासून सुमारे ७० मैलांवर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला. आपल्या २०० मैलांत परक्यांची लष्करी टेहळणी चालणार नाही, हा चीनचा दावा तेव्हा वर्गात मी बेधडक खोडून काढायचे. लक्षद्वीपनंतर तेवढा जोर राहिलेला नाही, कारण आपला दावा चीनच्या फार लांबचा नाही. पण मग गोव्याच्या ‘हंसा’ तळावरून दूरवर टेहळणीला जाणाऱ्या आपल्या पी-८आय विमानांचं काय? उद्या एखाद्या देशाने त्यांना स्वतःच्या किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर हटकलं, तर काका कुठला कायदा सांगतील, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.