‘ब्लँक’ म्हणून परत आलेल्या आठ सीड्या

“मॅडम, ये तो सब ब्लँक है.”

दुकानदाराने आठही छोट्या सीड्या काउंटरवर सरकवल्या आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यांवरचं शूटिंग पेनड्राइव्हवर भरून द्यायला दिल्या, तर पंचवीस दिवस ठेवून घेऊन हे उत्तर! वर उपकार केल्यासारखं म्हणाला, यातल्या दोन आरडब्ल्यू आहेत, मिटवून देतो, परत वापरता येतील. आज सहा महिने झाले, तरी त्या दुकानावरून जाताना माझं डोकं तापतं.

दिवाळीच्या साफसफाईत इंदूरला राजेंद्रनगरच्या घरी बिस्किटांच्या जुन्या डब्यात एकूण ४१ सीड्या निघाल्या. १४ व्हीसीडी, १९ डीव्हीडी आणि या आठ, तळहाताएवढ्या, ८ सेंटिमीटरच्या. बाबांनी २००७ मध्ये छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा घेतला होता, त्याच्या. त्यांवर आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि जेल रोडवरच्या मामाच्या गॅलरीतून काढलेल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले दिव्यांचे चित्ररथ. आजी २००९ मध्ये गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

मोठ्या सीड्यांपैकी चार त्या दुकानदाराने पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. त्यात चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, त्यामुळे दादाच्या लग्नातली सगळी माणसं गुबगुबीत आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव. मग उरलेलं सगळं घरीच करायचं ठरवलं. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. (ट्रे बाहेर येणाराच घ्या. छोटी सीडी ट्रेच्या आतल्या खोबणीत बरोबर बसते. नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये ती चुकूनही सरकवू नका, आत अडकते.) मोठ्या सीड्या दोन रविवारांत उरकल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

छोटी सीडी घातली की मात्र विंडोज विचारायचं, ही रिकामी डिस्क कशी वापरायची आहे? म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरलाही ती रिकामीच दिसली असणार. मीही जवळजवळ मानलंच होतं. पण एके दिवशी दुपारी गॅलरीत बसून त्या पुसत होते, तेव्हा उन्हात एक तिरकी धरली आणि मागच्या बाजूला आतल्या कडेपासून एक गडद पट्टा दिसला. त्याच्यापुढे रंग एकदम फिका, आणि मध्ये रेघ मारल्यासारखी स्वच्छ गोल सीमा. सगळ्या पाहिल्या. कुठे पट्टा अर्धा, कुठे पार काठापर्यंत. कोरी सीडी घेऊन शेजारी धरली, तर तिच्यावर पट्टाच नाही. लेझरने जिथे लिहिलेलं असतं तिथला रंग बदलतो. म्हणजे सीडी भरलेली होती, फक्त कॉम्प्युटरला ते कळत नव्हतं.

कारण पुढे समजलं. असा कॅमेरा शूटिंग लिहीत जातो, पण शेवटी ‘फायनलाइज’ केल्याशिवाय डीव्हीडी पूर्ण होत नाही. कुठे काय आहे याची यादी तेव्हाच पक्की लिहिली जाते. ती नसेल तर कॅमेऱ्याला स्वतःचं लिहिलेलं वाचता येतं, बाकीच्यांना सीडी कोरी वाटते.

“बाबा, तुम्ही फायनलाइज केलं होतं का?”

“म्हणजे काय? कॅसेट संपली की काढायचो आणि डब्यात ठेवायचो.” बाबा अजून सीडीला कॅसेटच म्हणतात.

म्हणजे फायनलाइज करायला तोच कॅमेरा हवा. तो सुदामानगरला आत्याकडे, कारण तिने २०११ मध्ये कुणाच्या तरी मुंजीला नेला होता. तिथे पोचले तर पिशवीत कॅमेरा होता, पण बॅटरी फुगलेली आणि अडॅप्टर गायब. म्हटलं, दुसरी बॅटरी घेऊ. तर नाही! मेनूत फायनलाइज निवडलं की कॅमेरा सांगतो, अडॅप्टर जोडा. मध्येच बॅटरी संपली तर सीडी कायमची बिघडेल म्हणून ही सक्ती आहे, आणि सक्ती बरोबरच आहे, पण तेव्हा मला ते कुठे पटायला?

अडॅप्टर ८.४ व्होल्टचा आणि त्याची पिन त्या कंपनीच्या खास आकाराची. आमच्या घरातच अकरा अडॅप्टर निघाले, त्यात या पिनेचा एकही नाही. जेल रोड पालथा घातला. एक म्हणतो आता येत नाही, दुसरा म्हणतो नऊ व्होल्टचा लावा, कुछ नहीं होता. (लावू नका.) तीन आठवडे असे गेले. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या माळ्यावरून अडॅप्टर काढून दिला, त्यांचा स्वतःचा कॅमेरा केव्हाच भंगारात गेला होता. पिन ‘टक्’ आवाज करून आत बसली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून चक्क टाळी वाजवली.

त्यानंतर प्रत्येक सीडीला काही मिनिटं लागली. कॅमेरा टेबलावर सपाट ठेवायचा, हलवायचा नाही. बाबा स्टूल घेऊन राखणीला बसले होते. सात सीड्या झाल्या. आठवी कॅमेऱ्याने नाकारली. ती आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरने वाचली. ते अर्धवट सीड्यांतूनही फायली शोधून काढतं, पण बाहेर काढायला पैसे भरावे लागले.

पुसण्याबद्दल सांगायचं राहिलं. मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आणि व्हीसीडीच्या लेबलवर खरवडू नका, तिचा माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीचा दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, ती जरा दणकट.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे फाईल बारीक करणं. यासाठी मी महिनाभर वाचन केलं होतं आणि प्रत्यक्षात ते एका संध्याकाळी झालं. आधी प्रत्येक सीडीची जशीच्या तशी प्रत हार्डडिस्कवर ठेवली. सगळं मिळून शंभर जीबीच्या आसपास, आजच्या हिशोबाने काहीच नाही. बारीक केलेली फाईल फक्त बघायला आणि दादाला पुण्याला पाठवायला. ती हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली: एक्स२६४ कोडेक (व्हिडिओ बारीक करण्याची पद्धत), आरएफ १८ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं), प्रीसेट स्लो. साध्या डीव्हीडीला आरएफ १८ ते २२ पुरतं. आवाज मूळचाच ठेवला. व्हीसीडी परत बारीक करू नका. ३५२ बाय २८८ चं चित्र, त्यात आणखी काय पिळणार?

दोन ठिकाणी मात्र हात भाजले. झांक्यांचे दिवे आडवे सरकताना कडांना कंगव्यासारखे दात दिसायचे, आखाड्यातल्या पोराने फिरवलेली लाठी तर नुसतं झाडू. डीव्हीडीचं चित्र एक आड एक रेघांच्या दोन हिश्शांत असतं, त्याचा हा परिणाम. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये, म्हणजे हे दात घालवणाऱ्या फिल्टरमध्ये, ब्वडिफ आणि ‘बॉब’ निवडलं, सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम झाल्या, लाठी परत लाठीसारखी फिरायला लागली. दुसरं म्हणजे रात्रीच्या शूटिंगमधला रवाळपणा. कोडेक तो रवाही इमानाने जपतो आणि फाईल जवळजवळ मूळ सीडीएवढीच होते. म्हणून रवा काढणारं फिल्टर लावलं, तर आजीचा चेहरा मेणाचा झाला, हनुवटीवरचं गोंदण पुसलं गेलं. फिल्टर काढून टाकलं. असू दे फाईल मोठी.

ती नाकारलेली आठवी सीडी, जिच्यावरचा पट्टा सगळ्यात अरुंद होता, तिची फाईल जेमतेम ४० एमबीची निघाली. मला वाटलं माझंच काही चुकलं. उघडली तर वीस मिनिटं पडदा पूर्ण काळा, लेन्सचं झाकणच काढलेलं नव्हतं. काळ्याला जागा लागत नाही, ती ४० एमबी म्हणजे बहुतेक सगळा आवाज. त्यात आजी आणि आत्या वाद घालतायत, साखरभातात लवंगा जास्त झाल्या की नाही यावरून, आणि मागे कुणीतरी चहाचे कप विसळतंय.

बाबांनी कानाला हात लावून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “चित्र कुठे गेलं? कॅसेट खराब निघाली असणार.”