लेव्हल कोणी लावली?

बीएचा भूगोल म्हणजे नकाशे रंगवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या प्रॅक्टिकलला यावं. प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, डंपी लेव्हल (तिपाईवरची, उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), सगळं पोरांच्या हाताखालून जातं.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. भिंतींवर राहिलेल्या त्या खुणांची उंची मोजायचा संयुक्त प्रकल्प होता. माझी बीएची पोरं आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजातली, कॉम्प्युटर शाखेची. पहिल्याच फाटकावर काकांनी विचारलं, "यात इंजिनिअर कोण?" मग नाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळी कैफियत त्यांनाच ऐकवली. त्या बिचाऱ्यांनी लेव्हल तोवर पाहिलीही नव्हती!

दुपारी एका घराची खूण शेजारच्यांपेक्षा जवळपास हातभर वर आली. लागून असलेल्या घरांत पाणी असं पायऱ्यापायऱ्यांनी उभं राहत नाही. "बीएवाल्यांनी स्टाफ वाकडा धरला असेल," इंजिनिअरिंगचा एकजण हसला. स्टाफ म्हणजे लेव्हलमधून वाचायची उभी मोजपट्टी. माझा काटोलचा पोरगा शांतपणे म्हणाला, "वाकडा असता तर रीडिंग वाढलं असतं, खूण खाली गेली असती. ही तर वर चालली नं." तरी बेंचमार्कपर्यंत, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेपर्यंत, उलट फेरी मारून त्यानं हिशेब मिटवला. अर्धा किलोमीटरमागे फरक सहा मिलिमीटर. मला इतकी नेटकी फेरी क्वचितच मिळते.

तोवर इंजिनिअरिंगवाल्यांतली एक मुलगी त्या घरातल्या आजींशी बोलत बसली होती. प्रश्नावली माझ्या पोरांकडे होती, पण ती भरून घ्यायला ते लाजत होते. आजी म्हणाल्या, "पाणी खिडकीच्या खालीच होतं वं. ही ओल नंतर चढली." म्हणजे आम्ही पुराची नाही, प्लास्टरनं शोषलेल्या ओलीची रेघ मोजत होतो. चुन्याचा पापुद्रा खरवडल्यावर खाली गाळाची बारीक रेघ सापडली, शेजाऱ्यांशी जुळणारी.

अहवालाच्या छापील नमुन्यात दोनच रकाने: 'तांत्रिक कार्य – अभियांत्रिकी' आणि 'सामाजिक कार्य – कला'. मी नावं कामाप्रमाणे लिहिली. कार्यालयातून अहवाल परत आला, 'नमुन्याप्रमाणे भरावे' असा शेरा मारून. नमुना बनवणाऱ्यानं कधी तिपाई उभी केली असेल, असं वाटत नाही.

मी भांडायला निघालो, तर काटोलचा पोरगाच म्हणाला, "जाऊ द्या नं सर. एमपीएससीत थोडीच विचारतात, लेव्हल कोणी लावली ते?"

त्या मुलीनं मात्र सही करायला अजून नकार दिलाय. अहवाल माझ्या टेबलावरच आहे.