गाठीला रुपया असला की रु

थोरली लेक नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून नर्स झाली आणि आता केअरगिव्हर म्हणून जपानला जायची तयारी करतेय. त्यासाठी जपानी भाषेची एन-फोर किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते आणि त्याची पहिली पायरी म्हणजे हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं. महिनाभर ऑनलाइन क्लास झाल्यावर एका रात्री ती स्वयंपाकघरात वही पुढ्यात घेऊन गप्प बसलेली दिसली. डोळे भरलेले. चाचणीत रु आणि रो, नु आणि मे, ने-रे-वा सगळी एकमेकांत मिसळली होती.

मी कोल्हापुरात बत्तीस वर्षं बोर्ड रंगवले. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, पण हात अजून चालतो. मला जपानी येत नाही, अक्षर मात्र कळतं. म्हटलं, "दाखव बघू."

तिनं वही सरकवली. अक्षरं लक्षात राहावीत म्हणून शेजारी चित्रं होती, पण सगळी इंग्रजी शब्दांवर बेतलेली. अक्षर बघायचं, इंग्रजी शब्द आठवायचा, मग त्याचा उच्चार. तिला एका अक्षरासाठी तीन घरं फिरावी लागत होती. मी जुन्या खोक्याचे पुठ्ठे कापले, गोल ब्रश घेतला, काळा पोस्टर कलर घेतला आणि एकेक अक्षर वीतभर उंचीचं काढायला लागलो.

पहिली जोडी रु-रोची. दोन्ही एका दमात काढायची, ब्रश न उचलता, आणि दोन्ही आपल्या तीनच्या आकड्याच्या वळणाची. फरक फक्त शेवटाला. रु संपताना खाली आत वळून बारीक गाठ मारतो, रो तसाच मोकळा सुटतो. मी म्हटलं, "गाठीला रुपया आहे तो रु. रोजच्या खर्चात गाठ सुटली की रो." ती हसली, आणि त्यानंतर तिची ही जोडी एकदाही चुकली नाही.

ने, रे, वा या तिघांची डावी बाजू एकच: उभा दांडा, त्यावर नागमोडी रेघ. म्हणून डावीकडं बघायचंच नाही, उजवं टोक बघायचं. ने मध्ये टोक आत वळून गाठीसारखं खोचलेलं असतं, लुगडं नेसताना खोचतात तसं. नेसणे, ने. रे मध्ये टोक बाहेर फटकारा मारून जातं, रेघ निसटल्यासारखं. वा वाटोळा, टोक आत वळतं पण गाठ नाही. हे शब्द आमच्या घरातले आहेत, म्हणून ते लगेच बसले.

नु आणि मे सारखे का दिसतात, हे शोधताना एक गोष्ट कळली आणि मी हरखलो. हिरागाना हे चिनी अक्षरं भरभर, ब्रशनं लिहिता लिहिता वितळून तयार झालेले आकार आहेत. मे आला 'बाई' या अर्थाच्या अक्षरातून. नु ज्या अक्षरातून आला, त्याच्या डाव्या अंगाला तीच 'बाई' आहे आणि उजवीकडं आणखी एक तुकडा. त्या तुकड्याची खूण म्हणजे नुच्या शेवटी येणारी गाठ. म्हणून मे म्हणजे मेव्हणी, एकटी. गाठ जोडली की नु.

बाकीची पटापट झाली. कु म्हणजे कोकिळेची उघडी चोच, कुहू. कि म्हणजे किल्ली, दोन दातांची. नो तर मी जन्मभर काढत आलो, गेटावरच्या नो पार्किंगचं ते गोल आणि आतली तिरकी रेघ.

कि आणि सा छापील पुस्तकात सलग दिसतात, पण हातानं लिहिताना खालचा तुकडा सुटा असतो. पोरगी पुस्तकातलं बघून सलग लिहायची आणि शिक्षिका लाल खूण करायच्या. ब्रश धरला की लगेच कळतं: तिथं हात उचलायचा आहे. जपानी लोक रेघेच्या शेवटाला तीन नावं देतात. तोमे म्हणजे थांबणं, हाने म्हणजे टोकाला उडवणं, हाराई म्हणजे झाडल्यासारखं सोडून देणं. आम्ही पेंटर हेच करतो, फक्त आमच्याकडं नावं नव्हती.

उच्चाराचं म्हणाल तर मराठी माणसाला एक देणगी आहे. त ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी जाते. त्सु अनेकांना जड जातो. पोरगीला म्हटलं, "चूल म्हण." झालं. चिमणीतला चि आणि चुलीतला चु, दोन्ही आपल्या एकाच च मध्ये आहेत.

आणि त्या ओळींचा क्रम! आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् ही संस्कृतची जुनी लिपी अभ्यासली, ८०६ साली चीनहून परतलेला कूकाई त्यातला मोठा, आणि त्या अभ्यासातून हा क्रम जपानी अक्षरांना मिळाला. हा ची ओळ प च्या जागी बसते, कारण जुन्या जपानीत तिचा उच्चार प होता. अजूनही हा च्या डोक्यावर बारीक गोल काढला की पा होतो. हे कळल्यापासून ती ओळी म्हणताना अडत नाही. एकच सांभाळावं लागतं, इथं काना-वेलांटी नाही. का आणि कि मध्ये एकही रेघ सामाईक नसते, प्रत्येक अक्षर नव्यानं ओळखावं लागतं.

आता ४६ पुठ्ठे स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहेत. बायको भाकरी थापताना विचारते, "हे कुठलं गं?" आणि पोरगी भांडी घासत उत्तर देते.

परवापासून काताकाना, म्हणजे जपानीची दुसरी लिपी, काढलीय. तिथं शि आणि त्सु हे जुळे भाऊ आहेत. शि च्या दोन बारक्या रेघा डावीकडं एकावर एक, आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु च्या दोन रेघा वर शेजारी शेजारी, आणि लांब रेघ वरून खाली येते. काल रात्री पोरगीनं स्वतः ब्रश घेतला आणि चारदा काढून बघितलं. चौथ्याला म्हणाली, "पप्पा, रंग जिथं जाड आहे तिथनं सुरू झालीय, नाही का?"