पाचवं चाक

मे महिन्यात गुहागरला जायचं ठरलं की आमच्याकडे पहिली चर्चा खाण्याची. सासूबाई दुधातल्या दशम्या करतात, बरोबर लसणीची चटणी, घाटात लेकीला मळमळतं म्हणून आवळासुपारी आणि लिंबू. मग कपड्यांवरून दोन भांडणं. गाडीचं काय, असं विचारणारी घरात मी एकटीच, आणि तीही २०२२ च्या मेपासून.

त्या वर्षी पहाटे पाचला निघायचं ठरवून आम्ही साडेआठला पुणं सोडलं. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या दिशेला लागलो आणि दुपारी एकच्या सुमारास मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी आहे की, म्हणत नवऱ्याने डिकी उघडली. स्टेपनी होती, पण सगळ्यांच्या तळाशी. दोन बॅगा, पाण्याचा कॅन, बॅडमिंटनच्या रॅकेटी, चिपळूणच्या मुंजीचा आहेर असा आमचा संसार रस्त्याकडेला मांडून झाला. शेवटी ती वर आली. नवऱ्याने अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला.

बंद गाडी त्या उन्हात दहा मिनिटांत भट्टी होते. तेव्हा नवरा आईंना आणि लेकीला घेऊन वडाखाली बसला आणि मी स्टेपनी घेऊन एका छोट्या हत्तीत चढले. (लेक आजही ही गोष्ट 'आई टायर घेऊन पळाली' अशी सांगते.)

पंक्चरवाल्याने स्टेपनी पाण्याच्या टबात फिरवली. बुडबुडा एकही नाही. "पंक्चर नाही ताई. हवा कधी भरली होती?" मी गप्प. मग त्याने ओल्या फडक्याने टायरची कड पुसली आणि एका लांबट चौकटीवर बोट ठेवलं. २३१६. "तेविसावा आठवडा, सोळा साल. हे हिचं वय."

"पण ही तर कधी वापरलीच नाही."

"न वापरून काय होतंय? रबर हाय. पडून पडून पण म्हातारं होतंयच की."

कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या. गाडी आमच्याकडे आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्याने हवा भरून दिली, चिपळूणपर्यंत सावकाश जा म्हणाला. कुंभार्ली घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकवर सारखा पाय ठेवला तर ब्रेक तापून दगा देतात, हे एरवीही खरंच. त्या दिवशी मात्र आईंचं रामरक्षेचं आवर्तनही त्याच गतीने चाललं होतं.

आता निघायच्या आदल्या सकाळी, टायर थंड असताना, मी घराजवळच्या पंपावर जाते. तिथे एखादा जाणकार भेटतोच : "उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." खरं तर उलट आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, सारखा दुमडत राहतो, त्यानेच तापतो आणि मग फुटतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. आम्ही पाचजणांचं सामान घेऊन चारजण जातो, त्यामुळे आमचा आकडा तोच. चार चाकं झाल्यावर मी डिकी उघडते. पंपावरचा पोरगा म्हणतो, "ती कशाला ताई?"

कूलंट मी घरीच बघते, इंजिन गार असताना. मागच्या सीटच्या बेल्टवरून आईंशी होणारा वाद अजून मिटलेला नाही. "मला मागे कोण बघतंय?" असं म्हणतात, पण लावतात.

यंदा पाचला खरोखरच सामान भरून तयार होतो. आई हळदकुंकवाचं तबक घेऊन खाली आल्या, चारी चाकांना बोटं लावली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. नवऱ्याने गाडी सुरू केली. आई जागच्या हलेनात.

"आणि ती पाचवी गं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डिकी उघडली. दोन बॅगा, कॅन, रॅकेटी पुन्हा पार्किंगमध्ये उतरल्या, वॉचमन खुर्ची पुढे ओढून बघत बसला. आईंनी वाकून स्टेपनीला कुंकू लावलं, मग जरा अंगठ्याने दाबूनही पाहिलं. आम्ही निघालो तेव्हा पावणेसहा वाजले होते.